फणसाच्या फळ्या

कर्वेनगरच्या आमच्या पार्किंगमध्ये
मुलाची मोटार जिथे उभी राहायची
तिथे आता बँडसॉ उभा आहे, चौदा इंची.
मुलगा नाशकात असतो. मोटारही.

ओंडके तुळसणकर बाईंचे.
शेजारची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली,
फणस नव्या रॅम्पच्या आड येत होता,
कागद सकाळी आला, झाड दुपारपर्यंत आडवं.
बिल्डरचा माणूस म्हणाला, जळणाला देतोय.
मी पायजम्यावरच धावलो.

दोन-दोन फुटांचे पाच तुकडे.
सगळ्यात जाड तो नऊ इंच, खुरटंच झाड.
कापलेल्या तोंडांना त्याच संध्याकाळी
खिडक्यांचा उरलेला ऑइलपेंट फासला,
कारण लाकूड टोकांकडून घाईनं सुकतं
आणि घाईनं सुकलेलं तडकतं.
भोसरीच्या टूलरूममध्ये तेहतीस वर्षं
मी लोखंड कापलं.
लोखंडाला असली घाई नसते.

गोल वस्तू नुसत्या हातानं पात्यापुढे धरू नये,
गडगडते, आणि बोटं सोबत नेते.
म्हणून प्लायची गाडी केली,
ओंडका तिच्यावर दोन स्क्रूंनी जखडला,
पातं बोटानं छेडून बघितलं
(ढिलं असलं की भसाडं बोलतं)
आणि पहिला काप घेतला.
एक बाजू सपाट झाली,
ती टेबलावर निजवून दुसरी, काटकोनात.
दोन बाजू सरळ झाल्या
की बाकीचं लाकूड ऐकतं.

आत पिवळं.
ज्या झाडानं जन्मात एक गरा दिला नाही
त्याच्या आत सगळा गऱ्याचाच रंग.

वॉचमन बसप्पा म्हणाला, साहेब, वलयं मोजा,
किती वर्षांचं ते कळेल.
चष्मा चढवून बसलो. काही धड दिसेना.
सागवान दर वर्षाची ओळ आखून ठेवतं,
फणस असला हिशेब ठेवत नाही.

तिसऱ्या फळीला खर्रकन ठिणगी उडाली
आणि साडेनऊशेचं पातं गेलं.
आत खिळा. चार बोटं खोल,
वरून सालीनं मागमूस ठेवला नव्हता.
हॅक्सॉचं नुसतं पातं चिरेत सरकवून
उरलेला खिळा हातानं कापला.
तेवढं मला येतं.

बाई संध्याकाळी आल्या, हातात दुधाची पिशवी.
हल्ली वारज्याला भाड्यानं असतात, चौथा मजला.
"खिळा होय," म्हणाल्या,
"तो ह्यांनी मारलेला.
राजापूरचे काका आले होते,
म्हणाले, धरत नाही ना? लोखंड घाला, धरेल."
मग फळीवरून बोट फिरवत:
"त्याच वर्षी मलाही काढे चालू होते.
कडू जहर."
मी भुसा झाडत राहिलो.
झाडण्यासारखा फारसा नव्हता.

डोकं एका फळीत राहिलं, टोक तिच्या जोडीच्या फळीत,
दोन्हीकडे निळसर काळा डाग,
शाईचं पेन खिशात फुटावं तसा.
विचारलं, या दोन टाकून देऊ?
"टाकू नका. पोळपाट होईल का?"
म्हटलं, फळी सात इंच रुंद, दोन जोडाव्या लागतील,
शिवाय इंचाला एक वर्ष सुकवायचं.
"मग या दोनच जोडा," म्हणाल्या,
आणि दूध नासेल म्हणून निघाल्या.

फळ्या भिंतीशी रचल्या आहेत,
मध्ये पट्ट्या, हवेला वाट,
वर शहाबादी फरशीचा तुकडा,
कडेला पेन्सिलनं तारीख.
बनियनचा पिवळा डाग दोनदा भिजवून गेला नाही.
खिळ्याचं डोकं मी अजून काढलेलं नाही.
रंधा मारण्याआधी काढावं लागेल.
वर्ष आहे.