जेवताना बोलू नये

अक्कलकोट रोडला, यंत्रमागांची खटखट जिथं जरा विरळ होते,
तिथं सिस्टर लोकांचा मठ.
सिस्टर नाहीत आता. मठ म्हणायची सवय आहे.
फाटकात इटलीतल्या कुठल्याशा संताचा पुतळा, नाक गेलेला.
त्याच्या पुढं केलेल्या हातावर
रऊफभाई दर रविवारी आपलं हेल्मेट अडकवतो.

मी इथं शिवण शिकले, चौदाव्या वर्षी.
शिकवणारीचं नाव आन्येझे.
आमच्या तेलुगू जिभांना ते जमेना,
म्हणून ती आग्नेय सिस्टर झाली.
राहायचीही आग्नेयेच्या खोलीत,
जिथं दुपारी पत्र्यावर भाकरी भाजली असती.
उन्हाचं तिला काही नव्हतं.
त्रास फक्त आमच्या बडबडीचा.

जेवणाच्या खोलीत पाटी होती:
जेवताना बोलू नये.
चाळीस पोरी, चाळीस ताटल्या,
शेंगाचटणी चावल्याचा आवाजसुद्धा गुन्हा वाटायचा.
त्या गप्प बसण्यात मी पहिली ओळ जुळवली.
कागद कुठला?
घरी येऊन तेंदूच्या पानावर कात्रीच्या टोकानं ओरखडली,
आईनं न बघता त्यात तंबाखू भरला,
वळली, लाल दोरा बांधला,
सकाळी हजारात मोजून कारखान्यात दिली.
ओढली असेल कुणीतरी.
माझी पहिली कविता थेट एकाच्या छातीत गेली,
आणि मग खोकला.

शेवटच्या दोघी गेल्या तेव्हा दोन ट्रंका,
आणि चादरीत गुंडाळलेलं शिवणयंत्र.
किल्ली मल्लप्पा सुताराकडं.
"पाखरं आत शिरू देऊ नको," एवढंच सांगितलं.
मल्लप्पानं शिरू दिली.
आधी हत्तुरे, ट्रॅक्टरच्या मडगार्डावर वाघ काढणारा.
मग रऊफ बागवान, उर्दू शाळेचा शिपाई,
ज्याच्या गझला हेडमास्तर आपल्या म्हणून वाचायचा.
मग शिवयोगप्पा, कन्नड नाटकांत जन्मभर बाई झालेले,
पंच्याहत्तरी उलटली, मिशी अजून ठेवत नाहीत.
मी शेवटी.
हजार पुऱ्या झाल्याशिवाय मला कुठं निघता येतंय!

आता त्याच लांब टेबलाला
कडक भाकरी मोडत आम्ही चार भाषांत भांडतो.
शिव्या मराठीत, ते सगळ्यांना सोयीचं.
प्रार्थनेच्या खोलीत हत्तुरेनं तिन्ही भिंती रंगवल्या,
चौथीवर क्रूस काढून नेल्याची पांढरी खूण आहे,
ती सोडली.
का बे, म्हटलं, तर म्हणतो,
"तेवढं मला येत नाही, अंबक्का."

मागल्या महिन्यात पत्र आलं.
रऊफभाईच्या लेकीनं वाचून दाखवलं:
आग्नेय सिस्टर जिवंत आहे, सत्त्याऐंशी,
भाचीकडं असते, दिसत नाही फारसं.
ज्या डोंगरावरच्या मठातून ती इकडं आली
तोही बंद झाला.
तिथं आता चित्रं काढणारे, पुस्तकं लिहिणारे उतरतात,
एकेकाला खोली, खिडकी, महिनाभर शांतता.
आणि खाली, वेगळ्या शाईत:
तुमच्याकडं जेवणाच्या खोलीत कोण बसतं आता?

कुणी काही बोललं नाही.
मल्लप्पानं उगाच टेबलाचा पाय हलवून बघितला.
शिवयोगप्पांनी पदर नसलेला खांदा सावरला,
जुनी खोड.

रात्री मी एक पान भिजवलं,
कापलं, ओळ ओरखडली.
तंबाखू भरला नाही. तरी बोटांनी वळलीच,
दोराही बांधला.
दिसत नाही तिला, पण बोटांना कळेल,
टाका चुकला तर अंधारातसुद्धा ओळखायची ती.

रऊफभाईनं पाकीट कानाशी धरून हलवलं.
"पोस्टात धरतील की ओ."
धरू देत.
सोडून बघतील, आत काही नाही म्हणून
परत वळतील,
आणि त्यांना ते जमायचं नाही.