नऊचा स्लॉट

एसीचं झाकण उघडून शिडीवर उभा दिलावर परकार
मला विचारतो, "बाई, तुमी मराठी?"
सोहारात, टाइल्सच्या शोरूममध्ये,
बिलांवरून मान न उचलता मी हो म्हणते.
"मग तुमाला म्हाईत असेल.
त्या द्वारकीचं पुढं काय झालं?"

पेन थांबतं.

द्वारकी माझी.
मिठागरात पाय चिरलेली,
मुकादमाला वजनकाट्याचा जाब विचारणारी.
उरणच्या खाडीकाठी बायकांच्या टाचा बघत
एकाहत्तर भाग लिहिले मी तिचे.
चॅनलने तिला रात्रीचे साडेदहा दिले.
शेजारच्या चॅनलवर तेव्हा नाचाची स्पर्धा,
परीक्षक रडायचे, देश बघायचा.
गुरुवारी आमचा आकडा यायचा, शून्य पूर्णांक काहीतरी.
"कथा चांगलीय हो, पण."
त्या 'पण'च्या पुढचं वाक्य कुणी पुरं केलं नाही.
मग तिला उचलून ॲपवर टाकलं,
सहाव्या ओळीत, बोटाने सरकवत गेलं तर
रव्याच्या केकच्याही पलीकडे.
तिथेच गेली.
बारशालाच माणसं नव्हती, तेराव्याला कोण येणार?

दिलावर वरून सांगतो,
कॅम्पातली छत्री जुनी, तारेने बांधलेली,
मराठी एकच चॅनल लागायचं, फुकटातलं.
तिकडचे साडेदहा म्हणजे इथले नऊ.
आंघोळी झालेल्या, डाळ उतरलेली,
बावीस माणसं एका खोलीत.
"त्यात सहा बिहारी. एक नेपाळी होता,
मुकादम दिसला की चप्पल उगारायचा.
वाऱ्याने छत्री हलली की एक जण गच्चीवर,
आम्ही खालनं ओरडायचो,
आली, आली, गेली!"

लोकप्रियता मोजणारी पेटी
असल्या खोल्यांत बसवत नाहीत.

"मग एकदा खाली पट्टी आली,
पुढचे भाग फक्त ॲपवर.
ॲप म्हणतं, तुमच्या देशात उपलब्ध नाही.
आमच्या कुठल्या देशात,
ते काय सांगत नाय."

शेवट मी एका दुपारी उरकला होता.
सेट सकाळी मोडायचा होता,
म्हणून द्वारकीचं लग्न लावून दिलं
मुकादमाच्या भावाशी.
हे मी ह्याला सांगणार नाही.

"तर तो काटा," मी म्हणते, "तिने रात्री जाऊन..."

"थांबा!"
तो धडधडत शिडी उतरतो, हात पँटला पुसतो.
"मी एकटा ऐकून काय करू?
नऊला फोन लावतो. स्पीकरवर ठेवतो.
तो नेपाळी आता सलालाला असतो,
त्यालापण जोडून घेऊ."

एसी गार हवा सोडतो, बिलं फडफडतात.
एका रद्द चलनाची मागची बाजू कोरी आहे.
भाग बहात्तर, मी लिहिते.
दृश्य पहिलं. मिठागर. पहाटेच्या आधी.

नऊला अजून पाच तास.
पुरायचे नाहीत.