हलकं काम

फॉर्म विचारतो : किती किलो उचलू शकतो?
डॉक्टरांनी लिहिलंय, पाच.
खांद्याच्या वर हात? नाही.
शिडी? नाही. थरथरणारं यंत्र? नाही.
शेवटचा रकाना मालकाचा :
उपलब्ध काम.
तिथे माझं पेन अडलं.

बाहेर उणे सत्तावीस.
सुपीरियर सरोवरावरचा वारा
फळ्यांच्या थप्प्यांतून शीळ घालत होता.
टोइव्हो केस्टी, वय त्रेपन्न,
आमच्या सॉमिलमध्ये माझ्या वडिलांच्या वेळेपासून.
ओंडक्यांची साखळी बदलायची होती नोव्हेंबरात.
मी म्हणाले होते, पुढच्या महिन्यात बघू.
पुढच्या महिन्यातही तेच म्हणाले.
जानेवारीत ती तुटली.

रकान्यात मी लिहिलं : ट्रक मोजणे.
ऑफिसच्या खिडकीपाशी खुर्ची दिली.
ट्रक दिवसाला चार.
चार आकडे लिहून झाले की तो
हातावर हात ठेवून बसायचा,
म्हणजे डावा, झोळीतल्या उजव्यावर.
कुणीतरी खुर्चीवर खडूने लिहिलं, राजेसाहेब.
त्याने पुसलं नाही. त्यावरच बसला
आणि पँटवर उलटी अक्षरं घेऊन घरी गेला.

विम्याच्या माणसाला मी फोनवर सांगितलं,
कामावर घेतलंय त्याला, पगार पूर्ण.
उत्तम, म्हणाला तो. त्याच्याकडे कुठेतरी खूण झाली.
मी हात झटकले नव्हते, कागद साक्षीला होता.
तरी खिडकीसमोरून जाताना
मी दुसरीकडे बघायला लागले होते.

नवव्या दिवशी तो दार न वाजवता आत आला.
"तीन नंबर रडतेय."
कोण?
"करवत."
खाली कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं,
आमच्या सगळ्यांच्या कानात बोळे.
यंत्र थांबवलं, झाकण काढलं :
बेअरिंग जळून निळं पडलेलं.
आणखी तासभर, आणि मग...
मेकॅनिकने वाक्य पुरं केलं नाही.

मी फॉर्म पुन्हा काढला.
टोइव्होसमोर ठेवला. तू सांग.
त्याने बराच वेळ वाचला,
मग डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात लिहिलं :
रोज सकाळी साखळ्या तपासणे.
खाली आणखी एक ओळ :
वाटलं तर कारखाना बंद करणे. कुणाला न विचारता.
माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.
दुसऱ्या ओळीवर मी दोन दिवस सही केली नाही.
एका तासाच्या बंदचा हिशेब मला तोंडपाठ आहे.
तिसऱ्या दिवशी केली.

मग लक्षात आलं, बंद करायचं बटण
भिंतीवर, डोक्याच्याही वर.
त्याचा हात तिथे पोचणार नाही.
वेल्डर आला, वायर ओढली,
लाल बटण कमरेच्या उंचीवर आणलं.
पाऊण दिवस. तीनशे डॉलर.

फळ्या रचणारी बुटकी डेनीज
दस्ताने काढून येऊन उभी राहिली.
बटणावर तळवा ठेवला, दाबलं नाही, नुसता ठेवला.
"सहा वर्षं," ती म्हणाली,
"मी तिथे उडी मारून पोचते."