हळकुंड मोडून पाहावं तसं

सौद्यात मी हळद कानानं घेतो.
पोत्यात हात घालायचा, एक हळकुंड काढायचं,
कानाजवळ मोडायचं.
वाळलेलं असेल तर धातूसारखं वाजतं,
ओल राहिली असेल तर नुसतं तुटतं.
तीस वर्षं हेच.
म्हणून ऋतुराजनं दोन डबे टेबलावर ठेवले
आणि म्हणाला, काका, आठवडाभर ऐका, मग सांगा,
तेव्हा मी त्यांच्याकडे
नव्या गावाच्या पोत्याकडे बघावं तसा बघत राहिलो.

स्ट्रीमर.
शब्द तोंडात बसायला दोन दिवस लागले.
विजयमाला अजून स्टीमर म्हणते,
इडल्या होत नाहीत, एवढीच तिची तक्रार.

ॲम्प्लिफायर आमचा सतरा किलोचा.
पुराच्या वर्षी आयर्विनचा आकडा वाढत होता
तेव्हा आधी तोच माळ्यावर चढवला, जड म्हणून.
मग स्पीकर.
सीड्या राहिल्या. हलक्या तर आहेत, नंतर नेऊ.
पाणी उतरल्यावर दोनशे तबकड्या नळाखाली धुतल्या,
दोरीवर वाळत घातल्या,
आणि चिखलानं भरलेल्या गल्लीत
दिवसभर इंद्रधनुष्याचे तुकडे हलत होते.
त्यातल्या वाजल्या अकरा.

ऋतुराज समजावतो.
हा पांढरा, बिनपडद्याचा, चौदा हजार.
हा काळा, पडद्याचा, एकेचाळीस. आतला डॅक वरचढ आहे.
वाय-फायवर विसंबू नका, केबल ओढून घ्या.
आणि दोन्ही गॅपलेस आहेत, काका.
म्हणजे काय रे?
म्हणजे एक ट्रॅक संपून दुसरा लागताना मध्ये खंड पडत नाही.
मला कॅसेट उलटायचा खटका आठवला.
अर्धा आलाप इकडे, अर्धा तिकडे,
मध्ये मी पाणी पिऊन यायचो.
आता पाणी कधी प्यायचं?

मंगळवारी मिरजेहून इलाहीभाई आले.
चाळीस वर्षं तंबोऱ्यांची जवारी काढलेला माणूस,
बोटांना लाखेचा वास.
म्हणाले, चहा नंतर. आधी पंखा बंद करा.
मग फ्रिज.
मग भिंतीवरचं घड्याळ काढायला लावलं.
यमन लावला, एकदा ह्यातून, एकदा त्यातून.
कोणता कोणता ते सांगितलं नाही.
ते डोळे मिटून बसले, घाम पुसला नाही.
शेवटी म्हणाले, "पंचम उतरलाय."
कशातला? ह्यातला की त्यातला?
"दोन्हींतला. मैफलीतच उतरलाय तो.
मागं तंबोऱ्यावर बसलेला पोरगा पेंगत असणार."
मग चहा, दोन बिस्किटं, सहाची बस.
निकाल विचारायचा राहूनच गेला.

रात्री एकटा बसलो.
काळ्यातून तंबोऱ्याची एकेक तार सुटी येत होती,
मोडलेल्या हळकुंडासारखी खणखणीत.
पांढऱ्यातूनही तेच सगळं,
फक्त कुठंतरी जराशी ओल.
सत्तावीस हजारांची ओल.
पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा;
मी लुंगीखाली माझीच बोटं दाबून पाहिली,
सौदा काही तुटेना.

दुसऱ्या दिवशी यार्डात होतो, फोन खिशात.
दुपारी जेवायला आलो तर घरात यमन.
विजयमाला कणीक मळत होती.
म्हणाली, पांढऱ्याला तुमचा फोन लागतो,
तो तुम्ही घेऊन जाता.
ह्याला पुढं बटण आहे.
काळ्या डब्यावर पिठाचा ठसा होता.
रात्री मी अंतरा अर्धा सोडून झोपलो होतो,
तिनं दाबल्यावर तिथूनच पुढं सुरू झालं म्हणे.

ऋतुराजला फोन केला. काळा ठेवतो, दोन हप्त्यांत देतो.
त्यानं विचारलं, आवाजात फरक जाणवला ना?
म्हटलं, जाणवला.
पिठाचा ठसा अजून पुसलेला नाही.
घड्याळही कपाटात चादरींखालीच आहे,
त्यामुळे आज सौद्याला मी
वीस मिनिटं उशिरा पोचलो.