लाईन लागायलीय

निरोगी म्हातारी माणसं पाहिजेत म्हणाले,
अभ्यासासाठी.
मी नाव दिलं. वय एकाहत्तर, साखर नाही,
बीपीची अर्धी गोळी, तीही न विसरता.
अख्ख्या नांदेडात अशी माणसं शोधून सापडत नाहीत,
असं त्या पोरीनं तोंडावर सांगितलं.
मला ते दोन दिवस पुरलं.

बांगड्या काढल्या. जोडवी निघेनात,
साबण लावून काढली.
नळीत आडवी झाले अन् सुरू झालं:
ठक ठक ठक, घर्रर्र, पुन्हा ठक.
लोक घाबरतात म्हणे.
मी मात्र गाढ झोपले.
सत्तावीस वर्षं असल्याच आवाजाशेजारी बसलेली बाई मी,
ट्रंक एक्स्चेंजला, कानाला हेडफोन,
"हॅलो भोकर, हॅलो भोकर, कोण बोलायलंय?"
अझहरनं पायाला हात लावून उठवलं,
"खाला, झालं."

डॉक्टर पत्तेवारांनी फिल्म काचेवर लावली.
"हे ठिपके बघा. पांढरे."
बघितले.
कढई तापली की ज्वारीच्या चार-दोन लाह्या
आधीच फुटतात,
बाकीचे दाणे गुमान पडून असतात, तसे.
"घाबरू नका, वयानं होतं. केस पिकतात, तसं आत."
"केसांना मी मेंदी लावते," म्हटलं, "याला काय लावू?"
ते हसले. मग स्वतःचंच बोलणं मला कळलं
अन् मीही हसले, जरा मागून,
आणि वाटलं, हेच का ते?

म्हणाले, करड्या भागात विचार होतो,
पांढऱ्या भागातून निरोप जातात.
तारा असतात. तारांवरचं वेष्टण झिजतं.
मी म्हटलं, डॉक्टर, तारांचं मला सांगू नका.

श्रावणात केबलच्या सांध्यात पाणी शिरलं
की मुखेडचा माणूस विहिरीतून बोलायचा.
कधी लाईनच मिळायची नाही,
मग मी बिलोलीवरून फिरवून द्यायची,
बिलोली अडली तर देगलूरवरून.
बोलणाऱ्याला पत्ता नसायचा
आपला आवाज किती गावं हिंडून आलाय.

देगलूरची जिनिंग: चौदा.
धर्माबादचा मिरचीचा अडत्या: बावीस.
उमरी स्टेशन: सात.
झोपेतून उठवून विचारा.
पण समोरच्या घरातली नवी सून,
रोज वाटी आणून देते, रोज हसते,
तिला मी अजून "अगं बाई" म्हणते.

एकदा तारघराच्या बाकड्यावर पिराजी म्हणून एक जण
चार तास बसला.
हैदराबादला बहीण. साधा कॉल; अर्जंटचे पैसे दुप्पट,
लायटनिंगचं तर नावच नको.
फडक्यातली भाकरी तिथंच खाल्ली त्यानं.
साडेआठला लाईन लागली
अन् काय बोलायचं तेच त्याला आठवेना.
"हॅलो," म्हणाला. तिकडून "हॅलो."
मध्ये मी. ऐकायचं नाही असा नियम होता,
आम्ही सगळ्याच ऐकायचो.
तीन मिनिटं दोघं नुसते श्वास घेत राहिले.
"तीन मिनिटं झाली, वाढवायची?"
"वाढवा बाई," म्हणाला, "येईल ध्यानात."
आलं का, ते आठवत नाही.
म्हणजे त्याला आलं की नाही, ते मला.

रिपोर्टात एकच ओळ: वयानुरूप बदल.
घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय.

परवा दुपारी शिंकाळी, फडताळ, सगळं उलथंपालथं केलं.
"काय शोधायलीस?" यांनी विचारलं.
"ते हो, सुपारीचं. दोन पात्यांचं. कटकट वाजतं ते."
वस्तू पुढ्यातच सापडली, ताटाखाली.
नाव नाही सापडलं.
सुपारी कातरली, खाल्ली, भांडी झाली,
तांदूळ निवडताना जिभेच्या टोकाशी आलं
अन् परतलं.

रात्री दीड वाजता, अंधारात,
मीच मोठ्यानं बोलले: "अडकित्ता!"
हे दचकले. "काय झालं?"
"काही नाही. लागली," म्हटलं.
"बोला."