प्रेक्षणीय स्थळे, डिचोली

सगुण गावस आधी टिपर चालवायचा,
आता पाहुण्यांना खाण दाखवतो.
तिकीट पन्नास, हेल्मेट फुकट.

हा तलाव, तो सांगतो,
खाली उतरत गेलेल्या बावीस पायऱ्या,
एकेक घराएवढी.
पाणी असं हिरवं का, ते साहेबांनाही सांगता येत नाही.
पाहुणे हसतात. सेल्फी.

मग पोर्तुगीज मॅनेजरचा बंगला,
शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा दुधाळ उजेड,
आणि मागे ट्रकांचा वजनकाटा,
जो रिकामा असूनही शून्यावर येत नाही.

इथे आईनं पांढरं काही वाळत घातलेलं
मला आठवत नाही, हे तो सांगत नाही.

पुण्याच्या एक बाई विचारतात,
इथली थोडी माती नेली तर चालेल?
सगुण त्यांच्या पांढऱ्या बुटांकडे बघतो.
"नेताय की."

शेवटचं ठिकाण फलकावर नाही.
पाच वाजता, सगळे बसमध्ये चढल्यावर,
ड्रायव्हरच्या पोराला तो कठड्याशी नेतो:
ती दोन बदकं दिसतात?
त्यांच्या बरोबर खाली आमचं कुळागर.
पोर बघतं.
बदकं पोहत पुढे जातात,
सगुणचं बोटही
त्यांच्या मागोमाग.