अंगठा

उद्यमनगरात फौंड्रीच्या मागच्या बोळात
केरळचं शीट उतरायचं
धुराचा वास अंगात घेऊन.
थंडीत तर लाकडासारखं कडक.
बाबालाल मुजावर दोन रुळांत त्याला घालायचा,
म्हणायचा, आधी मळून घ्याया लागतं मॅडम,
तवर ते कुणाचं ऐकत न्हाई.

मी नवी. वहीत लिहायचे : लांब साखळ्या तुटतात,
म्हणून मऊ येतं.
तो बघायचा नुसता.

मग काजळी. शंभराला पन्नास.
पसाभर, पुन्हा पसाभर,
खाली तसराळ्यात सांडलेली झाडून पुन्हा वर.
रुमाल काळा, थुंकी काळी,
डब्यातल्या भाकरीवर बोटांचे पाच डाग.

चौगुले शेठ म्हणाले, खडू वाढवा की जरा,
रंग तर काळाच दिसतोय.
मी कणांचं क्षेत्रफळ सांगत बसले.
बाबालाल रूळ न थांबवता बोलला :
पंगतीला बसणारी माणसं येगळी, शेठ,
आणि मांडव धरणारी येगळी.

खडू वाढला.
हंगामात ऊसाच्या ट्रॉल्यांचे बुश
शिरोळहून पोत्यानं परत आले,
चिरा पडलेले. मोजून घेतले. चारशे बारा.

गंधक सगळ्यात शेवटी.
अडीच. शंभराला फक्त अडीच.
त्याआधी साखळी साखळीच्या शेजारी असते, एवढंच,
ओढली की सरकते,
सरकली ती सरकलीच.
ही पिवळी पूड मध्ये पडते तेव्हा पूल होतात,
लांब पूल लवतात, आखूड पूल उष्णतेला टिकतात,
दोन्ही एकाच मापात मागू नये
(मी मागितले होते. एक आख्खा पावसाळा त्यात गेला).

त्याचा बाप कागलकडं गुळव्या होता.
प्रेसला घड्याळ होतं, बारा मिनिटांचं,
तरी हा नाक पुढं करूनच साचा उघडायचा.
काहिली उतरायला चुकली तर गूळ करपतो.
रबराचं तिसरंच :
जास्त शिजलं की पुन्हा मऊ पडतं,
बांधलेले पूल आपले आपणच सुटतात.
म्हातारपणावाणी, तो म्हणाला.
हसला नाही.

एप्रिलात तो लेकीकडं इचलकरंजीला गेला.
दम लागत होता. हिशोब झाला, नारळ दिला,
वर्गणीतून घड्याळ दिलं. घड्याळच.

जूनमध्ये खिडकीजवळच्या फळीवर
त्याच्या हातचं एक शीट सापडलं, विसरलेलं.
आख्खा मे महिना पत्र्याखाली
आपोआप शिजत गेलेलं.
कोपऱ्यात अंगठा.
माल तयार झाला का बघायला तो दाबायचा तसा :
कच्च्यावर ठसा राहतो,
पक्क्यावर राहत नाही.
हा कच्च्यावर पडला
आणि मग सगळं पक्कं झालं.
रेघा मोजता येतात. मधून एक तिरकी चीर,
पत्रा लागला होता त्याची.

शेठ म्हणाले, भुगा करा,
पायपुसण्यांत चालतोय.
दिलं.
कोपरा तेवढा कापून घेतला.

टेबलावर असतो.
फोनवर बोलता बोलता
त्याच्यावर माझा अंगठा दाबते, रेघा जातात.
उचलते.
येतात.